रेसिंग क्लबची उलटतपासणी

अर्जेंटिनातले फुटबॉल क्लब सभासदांच्या हाती राहावेत की कंपन्यांच्या मालकीचे व्हावेत, यावरून तिथे डिसेंबर 2023 पासून रण माजले आहे. हाविएर मिलेई यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि दोन आठवड्यांच्या आत तीनशेहून अधिक कलमांचा एक अगडबंब अध्यादेश काढला. घरभाड्यापासून विमानसेवेपर्यंत सगळ्यात हात घालणाऱ्या त्या अध्यादेशात फुटबॉलचाही नंबर लागला. एखादा क्लब कंपनीच्या रूपात आहे एवढ्याच कारणावरून कोणत्याही क्रीडा संघटनेला त्याला दार बंद करता येणार नाही, असे त्यात होते. तिथल्या फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे एएफएच्या, घटनेला हे मुळीच मान्य नाही. प्रकरण कोर्टात गेले, क्लबांनी ठराव केले, स्टेडियमांत फलक झळकले. आणि या धुरळ्यात दोन्ही बाजूंनी एकाच क्लबाला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे केले: आवेयानेदाचा रेसिंग क्लब.

एक बाजू म्हणते, सभासदांनी रेसिंगचे दिवाळे काढले आणि कंपनी आल्यावर देशातल्या विजेतेपदाचा पस्तीस वर्षांचा दुष्काळ संपला. दुसरी म्हणते, त्याच कंपनीचे पुढे दिवाळे निघाले आणि क्लब पुन्हा सभासदांनीच उभा केला. दोन्ही विधाने खरी आहेत. साक्षीदाराला आपल्या सोयीचे एक वाक्य बोलायला लावायचे आणि लगेच खाली बसवायचे, असा हा सगळा कारभार चालला आहे. उलटतपासणी कुणीच घेत नाही.

माझे मत आधीच सांगतो. क्लबाची मालकी सभासदांकडेच राहिली पाहिजे. सभासद शहाणे असतात असे मी मानत नाही. पुष्कळदा ते कमालीचे भाबडे असतात आणि भाषणबाज लुटारूंना निवडून देतात. पण क्लब बुडतो तेव्हा मागे कुणीतरी उरावे लागते. कंपनीला अंग काढून घेण्याची सोय कायद्यानेच करून दिलेली असते, चाहत्याला ती नसते. ज्याला पळून जाता येत नाही त्याच्या नावावर घर असावे, इतका साधा माझा मुद्दा आहे. मात्र हाच नियम निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनाही लावावा लागेल, आणि तिथे 'फुटबॉल विकाऊ नाही' म्हणणाऱ्यांची वाचा बसते.

वाद कशावरून आहे हे कळायला आधी विकायला निघालेली वस्तू काय आहे ते पाहावे लागेल. आवेयानेदा हे ब्यूनस आयर्सला खेटून, रियाचुएलो नदीच्या दक्षिणेला वसलेले कामगारांचे शहर. मांस गोठवणारे कारखाने, गोदामे, गोदी यांच्यावर वाढलेले. 25 मार्च 1903 रोजी तिथे रेसिंग स्थापन झाला तेव्हा अर्जेंटिनातला फुटबॉल ब्रिटिश शाळांचा आणि रेल्वेतल्या साहेबांचा होता. रेसिंगने तो त्यांच्या हातून काढून घेतला. 1913 ते 1919 अशी सलग सात विजेतेपदे त्यांनी मिळवली आणि 'ला आकादेमिया' हे बिरुद कायमचे चिकटले. शेजारच्या इंदिपेन्दिएन्तेची कुळकथा नदीपलीकडची. ब्यूनस आयर्सच्या मध्यवर्ती भागातल्या एका बड्या दुकानात काम करणाऱ्या पोरांना दुकानाच्या संघात वरिष्ठांपुढे जागा मिळेना, म्हणून त्यांनी आपला वेगळा क्लब काढला आणि 1907 मध्ये तो आवेयानेदात आणला. आज दोघांच्या स्टेडियममध्ये जेमतेम काहीशे मीटरचे अंतर आहे. एवढ्या जवळ इतके मोठे दोन वैरी जगात क्वचितच सापडतील.

या वैराने शहराचा नकाशाच बदलला. 1928 मध्ये इंदिपेन्दिएन्तेने दक्षिण अमेरिकेतले पहिले सिमेंट काँक्रीटचे स्टेडियम बांधले. रेसिंगने 1950 मध्ये उत्तर दिले ते गोल, अवाढव्य 'सिलिंद्रो'ने. 1964 आणि 1965 मध्ये इंदिपेन्दिएन्तेने कोपा लिबर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक जिंकला, पण दोन्ही वेळा युरोपच्या विजेत्याशी होणाऱ्या आंतरखंडीय लढतीत इटलीच्या इंटरपुढे ते हरले. 1967 मध्ये प्रशिक्षक हुआन होसे पिसुत्ती यांच्या रेसिंगने लिबर्तादोरेस तर घेतलाच, शिवाय नोव्हेंबरात माँतेविदेओच्या सेंतेनारियो मैदानावर स्कॉटलंडच्या सेल्टिकला हरवून जगज्जेतेपद मिळवले. हुआन कार्लोस कार्देनासने दुरून हाणलेला तो गोल आवेयानेदात आजही लोक हातवारे करून सांगतात. अर्जेंटिनाचा पहिला जगज्जेता क्लब रेसिंग ठरला, शेजारी नव्हे. मग सूड कसा घ्यायचा? इंदिपेन्दिएन्तेच्या काही टग्यांनी रात्री रेसिंगच्या मैदानात सात मेलेली काळी मांजरे पुरली, अशी दंतकथा आहे. सहा सापडली, सातवे सापडेना, आणि देशातले विजेतेपदही सापडेना. मांत्रिक झाले, पाद्री आणून मैदान पवित्र करून झाले. डिसेंबर 1983 मध्ये रेसिंग दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि हंगामाचा शेवटचा सामना नेमका शेजाऱ्याच्या मैदानावर आला. रेसिंग 0-2 ने हरला. एक संघ विजेतेपदाची फेरी मारत होता, दुसरा खालच्या श्रेणीत चालला होता, आणि मैदान एकच. हे लिहिताना लेखकालाही थोडी जास्त रंगत भरावीशी वाटते. पण इथे ती भरायची गरजच नाही.

हा सगळा ऐवज कुणी तयार केला? ना गुंतवणूकदाराने, ना जाहिरात कंपनीने. पस्तीस वर्षे हरणाऱ्या संघाला बघायला बापाने पोराला नेले, त्या पोराने आपल्या पोराला नेले. ताळेबंदात याला 'ब्रँडचे मूल्य' म्हणतात आणि त्याची किंमत लावतात. कंपनी येते ती हे भांडवल घेऊन येत नाही, ते तिला आयते मिळते. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण जणू याच व्यवहारासाठी केलेली आहे.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू, आणि ते त्यांच्याहून जोरात मांडू, कारण ते तितके पोकळ नाही.

पहिली गोष्ट, रेसिंगला खड्ड्यात घातले ते सभासदांनी निवडून दिलेल्या मंडळींनीच. वर्षानुवर्षे मागच्या कार्यकारिणीने पुढच्या कार्यकारिणीच्या डोक्यावर कर्ज ठेवले. न परवडणारे खेळाडू घेतले, पगार थकवले, खटले हरले. 1998 मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला. 4 मार्च 1999 रोजी न्यायालयाने नेमलेल्या लिलियाना रिपोल यांनी 'रेसिंग क्लब ही संस्था अस्तित्वातून संपली आहे' अशा अर्थाची घोषणा कॅमेऱ्यांसमोर केली. सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये: पॅनेल, सर्वसाधारण सभेतला आरडाओरडा, वाढते कर्ज, आणि शेवटी दारात अवसायक.

दुसरी गोष्ट, 'लोकांचा क्लब' ही कल्पना कधीच इतकी सोवळी नव्हती. सिलिंद्रोचे पैसे कुठून आले? हुआन पेरोन यांच्या सरकारचे अर्थमंत्री रामोन सेरेइखो रेसिंगचे कट्टर भक्त होते. सरकारी कर्ज अत्यंत सवलतीने मिळाले, स्टेडियमला पेरोन यांचे नाव लागले, आणि 1949, 1950, 1951 अशी सलग तीन विजेतेपदे आली तेव्हा विरोधक रेसिंगला 'स्पोर्तिवो सेरेइखो' म्हणून चिडवू लागले. पलीकडे इंदिपेन्दिएन्तेत ट्रकचालक संघटनेचे सर्वेसर्वा उगो मोयानो 2014 पासून आठ वर्षे अध्यक्ष होते. 2023 मध्ये त्या क्लबाचा श्वास इतका कोंडला की सांतियागो मारातेआ या समाजमाध्यमावरच्या तरुणाने कर्ज फेडण्यासाठी लोकवर्गणी काढली. सात लिबर्तादोरेस जिंकणारा 'चषकांचा राजा' झोळी घेऊन उभा राहिला. आणि 'बार्रा ब्राव्हा' म्हणजे स्टँडवर राज्य करणाऱ्या टोळ्या? त्यांना तिकिटे, वाहनतळ, प्रवासखर्च पुरवणारे पदाधिकारी सभासदांच्या मतांवरच निवडून येतात. हाविएर कान्तेरो नावाच्या अध्यक्षाने 2011 नंतर इंदिपेन्दिएन्तेत त्यांच्याविरुद्ध उघड दंड थोपटले. त्याच्याच कारकिर्दीत, जून 2013 मध्ये, क्लब इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला. प्रामाणिकपणाचे बक्षीस असे मिळत असेल तर सभासदांच्या लोकशाहीचे गोडवे किती गायचे?

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे कंपनी आली आणि रेसिंग जिंकला. डिसेंबर 2000 मध्ये फर्नांदो मारीन यांच्या ब्लांकिसेलेस्ते कंपनीने क्लबाचा फुटबॉल कारभार हाती घेतला. वर्षभरात, रेइनाल्दो मेर्लो या 'एकेक पाऊल' म्हणणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, विजेतेपद आले. तारीख 27 डिसेंबर 2001. देशात बँका गोठलेल्या, रस्त्यावर माणसे मेलेली, राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन आठवडाच झालेला. शेवटचा सामना वेलेस क्लबाच्या मैदानावर होता, तरी आवेयानेदात रिकाम्या हिरवळीभोवती दुसरे स्टेडियम भरले होते. आणि हो, सातवे मांजरही मेर्लोने खणून काढले म्हणतात. या रात्रीला हसून मोडीत काढणारा माणूस रेसिंगवाल्यांच्या दुःखाबद्दल बोलायला लायक नाही.

एवढे मान्य करूनही माझे मत का बदलत नाही?

कारण गोष्ट 2001 मध्ये संपली नाही. त्या विजयानंतर संघ हळूहळू विरघळला, कर्जे पुन्हा चढली, मारीन यांच्या जागी दुसरे आले. जून 2008 मध्ये रेसिंगला पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी कोर्दोबाच्या बेल्ग्रानोशी दोन सामन्यांची जीवघेणी लढत खेळावी लागली. त्याच वर्षी ब्लांकिसेलेस्ते स्वतःच दिवाळखोरीत निघाली. कंपनीने क्लबाला शिस्त लावायची होती. शिस्त लावणाराच देणी थकवून बसला. डिसेंबर 2008 मध्ये सभासदांनी पुन्हा मतदान करून अध्यक्ष निवडला.

इथे हुशार विरोधक एक मुद्दा काढतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, ब्लांकिसेलेस्ते मालक नव्हतीच, ती भाडेकरू होती. ठरावीक वर्षांच्या कराराने आलेल्याने घराची डागडुजी कशाला करावी? खरा मालक असता तर दूरचा विचार केला असता. तर्क देखणा आहे. पण एक पाऊल पुढे टाकून पाहा. 2008 मध्ये ब्लांकिसेलेस्ते जर खरोखर मालक असती, तर दिवाळखोरीत काय काय गेले असते? स्टेडियम, प्रशिक्षण मैदाने, निळे-पांढरे पट्टे, नाव, श्रेणीतली जागा, सगळे धनकोंच्या यादीत लागले असते. ती केवळ भाडेकरू होती म्हणूनच तिच्याबरोबर रेसिंग बुडाला नाही. कंपनीवाल्यांचा सर्वांत आवडता दाखला त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो तो असा.

ही कल्पनाशक्तीची भरारी वाटत असेल तर स्पेनकडे बघा. 1990 च्या क्रीडा कायद्याने स्पेनने व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हायला भाग पाडले. बार्सिलोना, रेआल माद्रिद, आथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना एवढे चार सुटले. कारण तेच सांगितले होते: सभासद बेजबाबदार, कर्जे वाढलेली, मालक आला की हिशेब येईल. पुढे काय झाले? मायोर्का, देपोर्तिवो ला कोरुन्या असे एकामागून एक 'कंपनी' क्लब कर्जापायी न्यायालयाच्या आसऱ्याला गेले. 1923 चा सालामान्का 2013 मध्ये चक्क विसर्जित झाला. तिथल्या चाहत्यांना पुन्हा सभासदांची वर्गणी काढून, खालच्या पायरीपासून, नवा क्लब काढावा लागला. आवेयानेदात 1999 मध्ये नेमके उलटे घडले. 7 मार्चला सामना होणार नाही हे ठाऊक असताना हजारो माणसे सिलिंद्रोत येऊन बसली. बघायला काहीच नव्हते. न्यायाधीशांना आणि राजकारण्यांना एवढेच दिसले की ज्या संस्थेला ते मृत म्हणतात तिची माणसे जिवंत आहेत. आजही रेसिंगवाले तो दिवस आपला दिन म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी, 2000 मध्ये, अर्जेंटिनाच्या संसदेने आर्थिक संकटातल्या क्रीडासंस्थांसाठी विशेष कायदा केला. क्लबाची मालमत्ता तत्काळ लिलावात न काढता न्यायालयाच्या देखरेखीखालच्या विश्वस्तांनी कारभार बघायचा आणि कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे, अशी त्यात सोय झाली. फेरो कार्रिल ओएस्ते हा क्लब या वाटेने दशकाहून अधिक काळ चालला आणि अखेर सभासदांकडे परतला. या वाटेवर झगमगाट नाही, पण ती कुठेतरी पोचते.

त्या काळात घडलेली आणखी एक गोष्ट कंपनीवाल्यांच्या कथेत कधीच येत नाही. क्लब कोसळत होता तेव्हा काही पाठीराखे फावडी-कुदळी घेऊन एका ओसाड जागेवर जमले आणि त्यांनी अंगमेहनतीने, वर्गणीने लहान मुलांच्या संघांसाठी मैदाने तयार केली. नाव दिले तिता मात्तिउस्सी यांचे. स्टेडियमातच राहून तिथली व्यवस्था बघणाऱ्या आणि बाहेरगावाहून आलेल्या पोरांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या या बाई 1999 मध्येच गेल्या होत्या. 'प्रेदिओ तिता'तून पुढे रोद्रिगो दे पॉल आला, बाहिया ब्लांकाहून आलेला लाउतारो मार्तिनेस तिथेच घडला. 2018 मध्ये लाउतारो इंटरला विकला गेला तेव्हा जी रक्कम आली, तिच्यावर क्लबाची घडी बसली. म्हणजे रेसिंगची सर्वांत फायद्याची गुंतवणूक ब्लांकिसेलेस्तेच्या कोणत्याही आराखड्यात नव्हती. ज्यांना नफ्यातला एक पेसोही मिळणार नव्हता त्यांनी ती केली. अर्थशास्त्राच्या भाषेत याला काय म्हणतात ते मिलेई जाणोत; ते स्वतः अर्थतज्ज्ञ आहेत.

त्यांचाच एक युक्तिवाद इथे घ्यावा लागेल. 2024 मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंची यादी टाकली आणि ते खेळतात ते परदेशातले क्लब कंपन्या आहेत, याकडे बोट दाखवले. मुद्दा असा की, जिंकायचे तर हे रूप चांगले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे म्हणायचा मोह होतो. याच खेळाडूंच्या नावापुढे ते पोरवयात कुठे घडले ते लिहून बघा. 2022 च्या जगज्जेत्या संघात दे पॉल आणि लाउतारो रेसिंगचे, गोलरक्षक एमिलियानो मार्तिनेस इंदिपेन्दिएन्तेच्या पोरांतला, एन्सो फर्नांदेस आणि हुलियान आल्वारेस रिव्हर प्लेटचे, मॅक अॅलिस्टर आर्खेन्तिनोस हुनियोर्सचा, ओतामेन्दी वेलेसचा, दि मारिया रोसारियो सेंत्रालचा, आणि मेस्सीचे बालपण न्यूवेल्सच्या मैदानावर गेले. सगळे सभासदांचे क्लब. युरोपातल्या कंपन्या या फळांच्या गिऱ्हाईक आहेत. झाड कुणी लावले हा प्रश्न यादीतून सोयीस्करपणे गळला.

यावर ब्राझीलचा दाखला हमखास येतो. तिथे 2021 च्या कायद्यानंतर अनेक क्लबांनी फुटबॉल विभागाच्या कंपन्या केल्या. बोताफोगो बुडीत होता, जॉन टेक्स्टर या अमेरिकी उद्योजकाने तो घेतला, आणि 2024 मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद आणि लिबर्तादोरेस दोन्ही जिंकले. बिनतोड वाटते. पण 2025 मध्ये टेक्स्टर यांच्या फ्रान्समधल्या ल्योंची आर्थिक घडी विस्कटली आणि त्याचे चटके रिओतल्या बोताफोगोला बसू लागले. ज्या शहराचे नावही चाहत्याला नीट उच्चारता येत नाही, तिथल्या हिशेबवहीवर आपला क्लब अवलंबून, ही कसली सुधारणा? वास्को द गामाने 2022 मध्ये 777 पार्टनर्स या अमेरिकी कंपनीला बहुसंख्य हिस्सा दिला. 2024 मध्ये न्यायालयाला त्या कंपनीच्या हातून नियंत्रण काढून घ्यावे लागले. आणि या काळात ब्राझीलवर, किंबहुना खंडावर राज्य कुणी केले? फ्लामेंगोने 2019, 2022 आणि 2025 मध्ये लिबर्तादोरेस जिंकला, पाल्मेइरासने 2020 आणि 2021 मध्ये. दोन्ही सभासदांचे क्लब. फ्लामेंगोवरही एकेकाळी डोंगराएवढे कर्ज होते. 2013 पासून निवडून आलेल्या कार्यकारिणीने महागडे खेळाडू न घेता, टीका सोसत, कर फेडले, कर्ज उतरवले आणि मगच संघ बांधला. शिस्त येण्यासाठी मालक बदलावा लागतो हे गृहीतक तिथेच कोलमडते.

नोव्हेंबर 2024 मध्ये असुन्सिओनला कोपा सुदामेरिकाना या खंडातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात रेसिंगने ब्राझीलच्या क्रुसेइरोला 3-1 ने हरवले आणि पुढच्या फेब्रुवारीत रेकोपात, म्हणजे या दोन चषकांच्या विजेत्यांच्या लढतीत, बोताफोगोला दोन्ही सामन्यांत. दोन्ही प्रतिस्पर्धी कंपनीच्या मालकीचे. यावरून काही सिद्ध होत नाही; चेंडू गोल आहे. मला त्या संघाच्या प्रशिक्षकात जास्त रस आहे. गुस्तावो कोस्तास लहानपणी 1967 च्या जगज्जेत्या संघाबरोबर मैदानात उतरणारे पोर होते. पुढे तो रेसिंगकडून खेळला, 1988 मध्ये क्रुसेइरोलाच हरवून पहिला सुपरकोपा जिंकणाऱ्या संघात होता, दिवाळखोरीच्या काळात प्रशिक्षक होता, आणि साठी ओलांडल्यावर पुन्हा चषक घेऊन आला. कंपनी येऊन गेली त्या काळाच्या अलीकडेही तो आहे, पलीकडेही.

'सक्ती कुठे आहे? ज्या क्लबाला हवे त्याने कंपनी व्हावे,' असे मवाळ सूर लावणारेही आहेत. ऐकायला हे रास्त वाटते. पण क्लब हा प्रश्न सुकाळात विचारत नाही. पगार थकलेत, टोळी दारात उभी आहे, खालची श्रेणी समोर दिसते आहे, अशा वेळी विकण्याचा ठराव येतो आणि गळ्याशी आलेले सभासद हात वर करतात. ब्यूनस आयर्सच्या सान लोरेन्सो क्लबाला विचारा. लष्करी राजवटीत, 1979 मध्ये, नगरपालिकेच्या दबावाखाली आणि कर्जाच्या ओझ्याने त्यांना बोएदो वस्तीतले आपले जुने मैदान सोडावे लागले. तिथे पुढे कार्फूरचे सुपरमार्केट उभे राहिले. त्या सौद्यावरही 'स्वेच्छेच्या' सह्या होत्याच. ती जमीन परत मिळवायला तीस-चाळीस वर्षे गेली: मोर्चे, 2012 चा शहर विधिमंडळाचा कायदा, आणि चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरणारे पाठीराखे. अखेर 2019 मध्ये ताबा मिळाला. संस्था सभासदांची होती म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या अन्यायाची दाद मागायला कुणीतरी शिल्लक होते. भागधारकांनी ती जमीन कधीच हिशेबातून वजा केली असती.

आता माझ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण खरा राग त्यांचाच येतो. एएफएचे अध्यक्ष क्लाउदियो तापिया सभासदांच्या क्लबांचे तारणहार म्हणून मिरवतात. त्यांच्याच संघटनेने 2024 मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना खालच्या श्रेणीत जाण्याचा नियम रद्द करून टाकला आणि 2025 मध्ये पहिल्या श्रेणीत तीस संघ कोंबले. असे पहारेकरी असतील तर चोराला कष्ट काय? मिलेई यांना बळ मिळते ते यांच्यामुळे. सभासदांची लोकशाही वाचवायची तर ज्याने कर्ज केले त्याच्या दारापर्यंत ते गेले पाहिजे. यासाठी अमेरिकी गुंतवणूकदार लागत नाही. ज्या स्पेनने इतरांना कंपनी व्हायला लावले, त्याच कायद्यात सभासदांच्या चार क्लबांवर एक अट होती: निवडून आलेल्या संचालकांनी अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के रकमेची वैयक्तिक बँक हमी द्यायची. 2021 मध्ये निवडणूक जिंकूनही जोआन लापोर्ता यांना बार्सिलोनाची सूत्रे घेण्याआधी अशा हमीसाठी धावाधाव करावी लागली होती.

या अटीची खोट मला दिसते. हमी मोठी ठेवली तर फक्त धनाढ्यच अध्यक्ष होतील आणि मालक मागच्या दाराने आत येईल. म्हणून आवेयानेदासारख्या ठिकाणी ती लहान हवी, पण प्रत्येक पदाधिकाऱ्यावर हवी, आणि तूट मंजूर करणाऱ्या प्रत्येक हातावर हवी. जोडीला बाहेरचा लेखापरीक्षक, दर तीन महिन्यांनी सभासदांपुढे धनकोंची यादी, आणि तूट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की नवे खेळाडू घ्यायला बंदी. रेसिंगमध्ये डिसेंबर 2024 मध्ये सभासदांनी दिएगो मिलितोला अध्यक्ष निवडले. 2001 च्या विजेत्या संघातला हा पोरगा 2014 मध्ये परत येऊन पुन्हा जिंकला होता. 2025 मध्ये त्याचा क्लब लिबर्तादोरेसच्या उपांत्य फेरीत फ्लामेंगोकडून एका गोलाने हरला. त्याच्या लोकप्रियतेपुढे विरोधी पॅनेलचा टिकाव लागणे कठीण. म्हणजेच स्वतःच्या खुर्चीला हमीची अट लावून घेण्याचा ठराव मांडायला याहून चांगला अध्यक्ष आणि चांगली वेळ रेसिंगला मिळणार नाही. त्यासाठी अध्यादेश लागत नाही, सर्वसाधारण सभेची एक संध्याकाळ पुरते.